हा कागद उरला कसा? सैन्यातल्या लपलेल्या प्रेमाचा इतिहास शोधताना

समजा, तुमच्या संशोधनाचा प्रश्न असा आहे. एका पलटणीत दोन शिपाई होते. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. एकाच बराकीत झोपायचे, एकत्र जेवायचे, एकाच मोर्चावर जायचे. कुणाला कधी संशय आला नाही. लढाई संपली, दोघं आपापल्या गावी परतले, लग्नं झाली, नातवंडं झाली आणि एक दिवस दोघंही गेले. आता सांगा, या प्रेमाचा पुरावा तुम्ही कोणत्या दफ्तरात शोधाल?

पुरावा नसेलच. आणि तो नसणं हेच त्या दोघांचं यश होतं. असं प्रेम कागदावर आलं याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की कुठेतरी काहीतरी बिघडलं. कुणीतरी पाहिलं, कुणीतरी तक्रार केली, किंवा कुणीतरी पत्र जाळलं नाही.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता नेट, सेट किंवा पेटची तयारी करत असाल. संशोधन पद्धतीच्या पेपरात प्राथमिक साधनं आणि दुय्यम साधनं यांच्या व्याख्या आपण पाठ करतो. पण ज्या माणसांना साधन मागे ठेवायचंच नव्हतं, त्यांचा इतिहास कसा लिहायचा, हे गाइडमध्ये नसतं. आज त्याबद्दल बोलू.

मी राहते आंबीत, तळेगावजवळ. आमच्या मावळाला फौज नवी नाही, आणि मी इथे शिवकाळाबद्दल बोलत नाहीये. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या छावण्या पुण्यात आणि खडकीत बसल्या, त्या कायमच्या. पुढे देहूरोडला छावणी आणि आयुध डेपो आला. लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाचं 'शिवाजी' आहे. पुण्यात दक्षिण कमांडचं मुख्यालय, खडकवासल्याला एनडीए. म्हणजे दोनशे वर्षं या पट्ट्यात हजारो तरुण पुरुष घरापासून लांब, एकमेकांच्या सोबतीने राहत आलेत. त्यांच्यात प्रेमं जुळलीच नसतील असं म्हणायला फार भोळं असावं लागेल. तरी आपण शिकलो त्या इतिहासात त्याबद्दल अवाक्षर नाही.

अशा विषयाला हात घालताना मी एकच प्रश्न सतत हाताशी ठेवते. कागद समोर आला, की त्यात काय लिहिलंय हे वाचण्याआधी विचारायचं: हा कागद उरला कसा? तो कुणी लिहिला, कुणाला हवा होता, आणि इतकी वर्षं कुणी जपला? याची उत्तरं दरवेळी वेगळी येतात. काही उदाहरणं बघू.

बर्टनचा अहवाल

सुरुवात मुंबई इलाख्याच्या फौजेपासून करू. रिचर्ड बर्टन हे नाव तुम्ही 'अरेबियन नाइट्स'चा भाषांतरकार म्हणून ऐकलं असेल. १८४२ मध्ये तो कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी म्हणून आला. १८व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीत, बडोद्याला. भाषांचा नाद इतका, की मराठीचीही परीक्षा तो मुंबईत पास झाला. पुढे तो सिंधमध्ये गेला. सिंध तेव्हा नुकताच चार्ल्स नेपियरने जिंकला होता.

बर्टन सांगतो, की १८४५ मध्ये नेपियरच्या कानावर आलं: कराचीत तरुण मुलांचे आणि हिजड्यांचे कुंटणखाने आहेत, आणि ते छावणीपासून लांब नाहीत. नेपियरला काळजी आपल्या शिपायांची. त्याने बर्टनला वेश पालटून चौकशी करायला सांगितलं. अहवाल मुंबई सरकारकडे जाणार नाही, या अटीवर बर्टनने तो लिहिला. नेपियर गेल्यावर मात्र कुणीतरी तो मुंबईला पाठवला आणि बर्टनची नोकरी जाता जाता वाचली.

आता गंमत बघा. हे सगळं बर्टनने छापलं १८८५ मध्ये, 'अरेबियन नाइट्स'च्या शेवटच्या खंडातल्या निबंधात. म्हणजे घटनेनंतर तब्बल चाळीस वर्षांनी. आणि तो मूळ अहवाल आजवर कुणालाही सापडलेला नाही. इतका गाजलेला कागद, ज्याच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली, तो कागदच नाही. उरली आहे ती फक्त त्या कागदाची गोष्ट, आणि तीसुद्धा अशा माणसाने सांगितलेली, ज्याला आपल्या साहसांच्या गोष्टी रंगवून सांगायची हौस होती.

अंजली अरोंदेकर यांचं 'फॉर द रेकॉर्ड' हे २००९ चं पुस्तक या हरवलेल्या अहवालाबद्दल नीट विचार करतं. संशोधकांची सगळी ताकद तो अहवाल शोधण्यात का जाते, असा त्यांचा रोख आहे. एक गुप्त कागद सापडेल आणि सगळं उघड होईल, ही आशा आपल्याला दफ्तरखान्यात नेते खरी. पण तो सापडला असता तर त्यात काय असतं? एका गोऱ्या अधिकाऱ्याने पाहिलेला कुंटणखाना. दोन शिपायांचं प्रेम त्यात नसतंच. ज्या नजरेने तो लिहिला गेला, तिला प्रेम दिसणार नव्हतं.

तुमच्या विषयातही असा एक 'हरवलेला कागद' असणार. तो मिळाला की सगळं सुटेल असं वाटेल. तेव्हा स्वतःला विचारा, की तो मिळाला तरी माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात असेल का?

'क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक'

दुसरा कागद कायद्याचा. भारतीय दंडसंहिता १८६० ची, अमलात आली १ जानेवारी १८६२ ला. तिचं कलम ३७७ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण सैन्याचा कायदा वेगळा असतो. ब्रिटनच्या १८८१ च्या आर्मी ॲक्टमध्ये एक कलम होतं: क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक प्रकारचं लांच्छनास्पद वर्तन. हा शब्दसमूह लक्षात ठेवा, कारण स्वतंत्र भारताच्या १९५० च्या लष्कर कायद्यात, कलम ४६ मध्ये, तो जवळजवळ जसाच्या तसा आला. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद.

या तीन विशेषणांकडे नीट बघा. एखाद्या हवालदाराने रिक्रूटला अमानुष मारलं तर ते क्रूर. एखाद्याने दुसऱ्यावर जबरदस्ती केली तर ती अश्लील किंवा अनैसर्गिक. आणि दोन शिपायांनी एकमेकांच्या मर्जीने जवळीक केली तर तीही अनैसर्गिक. मारहाण, बलात्कार आणि प्रेम, तिन्ही एकाच ओळीत. नोंदवहीत सगळ्यांपुढे एकच कलम लिहिलं जाणार.

याचा संशोधकाला दुहेरी त्रास होतो. पहिला त्रास असा, की अशी नोंद दिसली म्हणून तिथे प्रेम होतं असं म्हणता येत नाही. सैन्यात हुद्द्याची उतरंड असते. वरच्याने बोलावलं आणि खालचा गेला, तर तो मर्जीने गेला की हुकूम म्हणून, हे एका ओळीच्या नोंदीवरून ठरवणार कसं? 'सापडलं एकदाचं समलिंगी प्रेम' म्हणून आनंदाने उडी मारायची, आणि प्रत्यक्षात तिथे एका पोरावर झालेला अत्याचार असायचा. असं झालं तर तो त्या पोरावर दुसऱ्यांदा अन्याय.

दुसरा त्रास याच्या उलट. सगळ्या नोंदी अत्याचाराच्याच समजून बाजूला ठेवल्या, तर आपण कायद्याचीच भाषा पुढे चालवली. मग करायचं काय? नोंदीच्या आजूबाजूचं वाचायचं. दोघांचे हुद्दे काय होते? तक्रार कुणी केली, दोघांपैकी एकाने की तिसऱ्याने? शिक्षा एकाला झाली की दोघांना? दोघांनाही झाली असेल आणि तक्रार करणारा तिसराच असेल, तर निदान प्रश्न विचारायला जागा आहे. 'सिद्ध झालं' असं मात्र तेव्हाही म्हणायचं नाही.

भलत्याच फायलीत

नवशिक्या संशोधकाची एक सवय असते. सूचीत विषयाचा शब्द शोधायचा, आणि तो नसला की विषय संपला. या विषयात ती सवय चालत नाही. 'समलिंगी' हा शब्द तर अलीकडचा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदात तो कसा असेल?

उदाहरण घ्या लॉक हॉस्पिटलचं. १८६४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्यानंतर छावण्यांमधल्या वेश्यांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. आजारी आढळली तर तिला लॉक हॉस्पिटलमध्ये ठेवायचे. पुण्यात आणि खडकीतही अशी इस्पितळं होती. एवढा खटाटोप कशासाठी? गोऱ्या शिपायांपैकी फार थोड्यांना लग्नाची परवानगी मिळे. बाकीच्यांना गुप्तरोग होऊन फौज अंथरुणाला खिळू नये, हा हिशेब. १८८६ मध्ये तर एक परिपत्रक निघालं, की छावण्यांत पुरेशा आणि देखण्या स्त्रिया असाव्यात. त्यावरून लंडनमध्ये गदारोळ झाला आणि १८८८ मध्ये ही पद्धत कागदोपत्री बंद पडली.

आता आपला विषय कुठे येतो ते बघा. ही पद्धत बंद करू नका असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांचा एक युक्तिवाद होता: स्त्रिया नसतील तर शिपाई याहून 'वाईट' वाटेला लागतील. १८९४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिननेही हीच भीती बोलून दाखवली. म्हणजे फाइल आहे वेश्यांच्या आरोग्याची, आणि तिच्या पोटात पुरुषांमधल्या संबंधांबद्दलची सरकारी धास्ती. केनेथ बॅलहॅचेट यांनी १९८० च्या पुस्तकात या फायलींवरूनच वंश, लैंगिकता आणि वर्ग यांची गुंतागुंत उलगडली.

पण इथेही तोच प्रश्न. हा कागद उरला कसा? सरकारला आपली पद्धत टिकवायची होती म्हणून. त्यामुळे ती धास्ती किती खरी आणि किती वकिली, हे तपासावं लागतं. शिवाय ही धास्ती गोऱ्या शिपायांपुरती. त्याच छावणीत देशी पलटणीतला शिपाई काय करतो याची साहेबाला एवढी फिकीर नव्हती. त्यामुळे आपल्या शिपायाबद्दल ही फाइल गप्प राहते.

तीन डोळ्यांखालून गेलेलं पत्र

मग देशी शिपायाने स्वतः लिहिलेलं काही? पहिल्या महायुद्धात हिंदी फौज फ्रान्सला गेली, तेव्हा शिपायांची पत्रं तपासायला सेन्सॉरची कचेरी उघडली. त्या कचेरीने पत्रांतले उतारे इंग्रजीत करून ठेवले, आणि ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतल्या निवडक पत्रांचं पुस्तक केलं. त्यात पंजाबी शिपायांचा भरणा जास्त. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिकडे मेसोपोटेमियात लढत होत्या, सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये. त्यांच्या वाट्याला कुतचा वेढा आला, आणि २९ एप्रिल १९१६ ची शरणागती.

अशा पत्राचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. शिपायाला बहुधा लिहिता येत नाही, म्हणून तो दुसऱ्याकडून लिहून घेतो. मग ते सेन्सॉर वाचतो. गावी पोचल्यावर घरच्यांना वाचता येत नाही, म्हणून मास्तर किंवा कुलकर्णी मोठ्याने वाचून दाखवतो. तिघांच्या डोळ्यांखालून जाणाऱ्या पत्रात कुणी मनातलं गुपित लिहील का? शिपायांना सेन्सॉरची कल्पना होती. साध्या युद्धाच्या बातम्यासुद्धा ते आडून सांगत. आणि आपल्यापर्यंत जे आलंय ते मूळ पत्रही नाही. सेन्सॉरला जेवढं महत्त्वाचं वाटलं, तेवढ्याचं भाषांतर आहे.

याहून मोठी अडचण साधी आहे. पत्र माणूस लांबच्याला लिहितो. शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्याला कोण पत्र लिहितं? म्हणजे जे सर्वांत जवळ होते, त्यांच्यातच कागद सर्वांत कमी. तुमचा विषय कुठलाही असो, हे सूत्र लिहून ठेवा. पत्रव्यवहार जवळिकीचं माप देत नाही, अंतराचं देतो.

देवळालीचा ताप

आता थोडं हलकंफुलकं. नाशिकजवळचं देवळाली आपल्याला तोफखान्यासाठी माहीत आहे. इंग्रजांच्या काळात विलायतेहून येणारे आणि परत जायला जहाजाची वाट बघणारे गोरे शिपाई इथल्या तळावर खोळंबून पडत. कंटाळून डोकं फिरे. त्यावरून 'देवळाली ताप' असा शब्दच निघाला, आणि त्यातून इंग्रजीतला 'डुलाली', म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला. आपला ताप असा सातासमुद्रापार गेला.

दुसऱ्या महायुद्धात शिपायांच्या करमणुकीसाठी कॉन्सर्ट पार्टी असत. नाटुकली, गाणी, आणि स्त्रियांची कामं पुरुषच करत. जिमी पेरी हा तोफखान्यातला तरुण देवळालीच्या अशाच पार्टीत होता. त्याने पुढे डेव्हिड क्रॉफ्टबरोबर बीबीसीसाठी 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका लिहिली. १९७४ ते १९८१ अशी ती चालली, आणि सुरुवातीचे भाग देवळालीतच घडतात. त्यातला बोंबार्डियर ब्युमाँट स्टेजवर बाई होतो. सगळे त्याला 'ग्लोरिया' म्हणतात. सार्जंट मेजर मात्र त्याला आणि त्याच्या सोबत्यांना सतत 'बायले' म्हणून हिणवत असतो. ही मालिका आज वर्णद्वेष आणि असल्या टिंगलीमुळे वादग्रस्त आहे, आणि ते योग्यच.

प्रश्न असा, की 'ग्लोरिया'वरून देवळालीतल्या प्रेमाबद्दल काही सांगता येईल का? मराठी वाचकाला याचं उत्तर द्यायला फार विचार करावा लागू नये. बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर येत तेव्हा घराघरांतल्या बायका त्यांच्या लकबी उचलत. लुगडं नेसलं म्हणजे अमुकच, असं आपण म्हणत नाही. स्त्रीपार्ट करणं हा कुणाच्या प्रेमाचा पुरावा होऊ शकत नाही. पण अशा जागेचा उपयोग एवढा, की जे इतरत्र दाखवता येत नव्हतं ते तिथे विनोदाच्या आडून दाखवता येई, आणि सगळे हसत असताना एखादा न हसणाराही तिथे असू शकत होता. एवढंच म्हणायचं. पुढचं वाक्य लिहायला वेगळा पुरावा लागेल.

हेच मैत्रीचंही. सैन्यात 'बडी' असतो, म्हणजे जोडीदार. एकमेकांचा जीव सांभाळायचा, ही दोघांची नेमून दिलेली जबाबदारी. आपल्याकडे दोन पोरं गळ्यात हात टाकून तळेगावच्या बाजारात फिरली तरी कुणी वळून बघत नाही. जिवलग, सखा, जोडीदार, भाऊ: पुरुषांच्या मायेला मराठीत शब्दांची वाण नाही. त्यामुळे दोन फौजींचा हातात हात घेतलेला जुना फोटो मिळाला तर तो मैत्रीचाही असेल आणि प्रेमाचाही. लपायला सर्वांत सुरक्षित जागा हीच होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखतची. आणि म्हणूनच इतिहासकाराने तिथे घाईने बोट ठेवायचं नाही.

न जाळलेली पत्रं

एवढं सगळं वाचून वाटेल, की काही हाती लागतच नाही. लागतं, क्वचित. हे उदाहरण इंग्लंडचं आहे, पण पद्धत शिकायला उत्तम.

गिल्बर्ट ब्रॅडली आणि गॉर्डन बाउशर यांची ओळख १९३८ मध्ये झाली. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं. गिल्बर्टला सैन्यात बोलावणं आलं, आणि वेल्सच्या सीमेवरच्या ऑस्वेस्ट्रीजवळ पार्क हॉल छावणीत तो दाखल झाला. पुढे गॉर्डनही फौजेत गेला. मधल्या काळात पत्रं जात राहिली. त्या काळी इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध हा गुन्हा होता. सामान्य नागरिकांसाठी तो १९६७ पर्यंत राहिला, सैनिकांसाठी तर १९९४ पर्यंत. गॉर्डन खाली पूर्ण नाव लिहीत नसे, फक्त 'जी' हे आद्याक्षर. एका पत्रात त्याने कळकळीने सांगितलं, की माझी सगळी पत्रं नष्ट कर.

गिल्बर्टने ती केली नाहीत. २००८ मध्ये तो गेला, घर आवरताना शेकडो पत्रांचं बाड निघालं आणि विक्रीला आलं. ऑस्वेस्ट्रीच्या संग्रहालयाने आधी त्यातली थोडीच पत्रं घेतली, स्थानिक युद्धइतिहास म्हणून. ती कुणा मैत्रिणीची असावीत असंच त्यांना वाटलं. पुढची पत्रं हाती आल्यावर कळलं, की 'जी' म्हणजे गॉर्डन.

आपला प्रश्न इथे लावा. हा कागद उरला कसा? एकाने दुसऱ्याचं ऐकलं नाही म्हणून. दोघं लिहिणारे, वाचणारे, बऱ्या घरचे होते म्हणून. आणि युद्धाने त्यांना वेगळं केलं म्हणून. ते एकाच बराकीत राहिले असते तर आपल्याला काहीच कळलं नसतं. या पत्रांवरून सगळ्या शिपायांबद्दल बोलता येणार नाही. पण त्यांच्यामुळे एक गोष्ट दिसते, जी कोर्टाच्या कागदात कधीच दिसली नसती: दोन माणसं एकमेकांची वाट कशी बघत होती.

आणि आज?

आता सगळ्यात नाजूक भाग. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ रद्द ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. मात्र लष्कर कायद्याचं कलम ४६ जागेवर आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सैन्यदलांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. १० जानेवारी २०१९ ला तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत स्पष्ट केलं, की लष्करात हे चालू देणार नाही.

मेजर जे. सुरेश यांनी २०१० मध्ये लष्कर सोडलं आणि २०२० मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या आयुष्यावरून सुचलेली एक कथा दिग्दर्शक ओनीर यांनी आपल्या चित्रपटात घेतली. लष्करी अधिकारी आणि एक काश्मिरी तरुण यांच्या प्रेमाची. जानेवारी २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने परवानगी नाकारली. लोकसभेत प्रश्न आला तेव्हा सरकारने सांगितलं, की अशा चित्रणाने लष्कराची प्रतिमा मलिन होते. उद्या कुणी या विषयावर संशोधन करेल तेव्हा संसदेच्या कामकाजात त्याला हे सापडेल. बर्टनच्या काळापासून चालत आलेली रीतच ही: प्रेमाचा कागद नाही, नकाराचा आहे.

मग तुम्ही म्हणाल, जुने कागद नाहीत तर जिवंत माणसांशी बोलू. मुलाखती घेऊ. आमच्या आसपास आजी-माजी फौजी कमी नाहीत. थांबा. वकिलाला अशिलाचं गुपित राखायला कायद्याचं कवच आहे. संशोधकाला तसं काही नाही. बोस्टन कॉलेजच्या संशोधकांनी उत्तर आयर्लंडमधल्या लढवय्यांच्या मुलाखती घेतल्या. तुमच्या हयातीत हे बाहेर येणार नाही, असा शब्द दिला. २०११ मध्ये न्यायालयीन समन्स आलं, आणि काही ध्वनिफिती पोलिसांच्या हाती गेल्या. सेवेत असलेल्या जवानाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुमच्या लॅपटॉपमध्ये नावानिशी पडली असेल, तर उद्याच्या कोर्ट मार्शलचा पुरावा तुम्हीच तयार करून ठेवलात. नाव बदललं तरी पलटण, वर्ष आणि ठाणं दिलं की ओळखणारा ओळखतोच. सैन्य मोठं असलं तरी एक युनिट म्हणजे गावच.

म्हणून माझ्या आराखड्यात मी तीन गोष्टी सुरुवातीलाच लिहिल्या. सेवेत असलेल्या कुणाची मुलाखत घ्यायची नाही. निवृत्त व्यक्ती स्वतःहून बोलली तर काय नोंदवायचं, कुठे ठेवायचं आणि कधी नष्ट करायचं, हे तिने ठरवायचं. आणि हयात नसलेल्या ज्या माणसाने स्वतः कधी सांगितलं नाही, त्याचं नाव मी केवळ तर्काने जोडायचं नाही, कितीही मोह झाला तरी. त्याची बायको, मुलं, नातवंडं त्याच गावात राहत असतात.

याचा अर्थ हात बांधून बसायचं असाही नाही. अरोंदेकर यांचंच २०२३ चं दुसरं पुस्तक, 'अबंडन्स', गोमंतक मराठा समाजाच्या दफ्तरावर आहे. लैंगिकतेच्या इतिहासात काही मिळत नाही, सगळं पुसलं गेलंय, हे रडगाणं ते पुस्तक मोडून काढतं. त्या समाजाने स्वतःचे कागद स्वतः, भरपूर आणि आपल्या भाषांत जपले. बाहेरच्याने शोधण्याआधी आतल्याने ठेवले. मुंबईत १९९० पासून 'बॉम्बे दोस्त' निघालं, पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट उभा राहिला, बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत कादंबरीपासून माहितीपर पुस्तकांपर्यंत लिहिलं. या कागदांना दंडसंहितेने जन्म दिलेला नाही. माणसांनी एकमेकांसाठी ते लिहिले. सैन्यातून बाहेर पडलेला एखादा माणूस कधी काही सांगेल, तर तो बहुधा अशाच जागी सांगेल, आपल्याला योग्य वाटेल तेव्हा.

तोवर आपलं काम काय? मुंबईच्या पुराभिलेखागारात जा. लष्करी विभागाबरोबरच न्याय आणि वैद्यकीय विभागाच्या सूची मागवा. विषयाचा शब्द नाही दिसला तरी फाइल उघडा. प्रत्येक टिपणाच्या वर, संदर्भ क्रमांकाच्या खाली, एक ओळ मोकळी सोडा आणि तिथे लिहा: हा कागद कुणी, कशासाठी ठेवला. महिन्याभराने ती टिपणं परत चाळलीत, तर कोण बोलतंय आणि कुणाला बोलू दिलेलं नाही, हे त्या ओळींवरूनच दिसायला लागेल. प्रबंधातलं पहिलं प्रकरण तिथूनच लिहायला घ्या.